कॉलेजांत जावें कीं न जावें?

(बारावीच्या निकालानंतर आमच्या गांवीं मारुतीच्या देवळांत भरलेल्या पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



निकाल लागल्यापासून गांवांत ज्याच्या त्याच्या तोंडीं एकच प्रश्न आहे. पोरांना कॉलेजांत घालावें कीं नाहीं? हा प्रश्न प्राथमिक शाळेंतल्या मास्तराला कां विचारतां, असें आम्हीं सभा भरविणारांस म्हणून पाहिलें. आम्ही अध्यापक विद्यालयांत मराठींतून शिकलेले. मोठमोठ्या विद्यापीठांच्या गोष्टी आम्हीं काय सांगाव्या? पण ज्यांच्या पाटीवर बारा वर्षांपूर्वीं आम्हीं पहिलें अक्षर काढून दिलें, तींच मुलें आज समोर बसलीं आहेत. पेरणीला आम्ही होतों, आतां पाणी कोणत्या पाटानें द्यायचें हें सांगायची वेळ आल्यावर मागें सरणें बरें नव्हे. म्हणून उभे राहिलों आहों.

चावडीवर ह्या प्रश्नाचीं तीन उत्तरें ऐकूं येतात. पहिला म्हणतो, 'शिकून कोणाचें भलें झालें? अमक्याचा पोरगा एम. ए. होऊन दुकानांत पुड्या बांधतो.' दुसरा म्हणतो, 'काय वाटेल तें होवो, रान विकूं, पण पोरगा साहेब झालाच पाहिजे.' तिसरा कांहींच म्हणत नाहीं. सगळ्यांचीं पोरें जातात म्हणून त्याचाहि पोरगा जातो. आमचें म्हणणें ह्या तिघांहून निराळें आहे, तें आधींच उघड सांगून टाकतों. कॉलेजांत जावें, मुलींनीं तर जरूर जावें. पण कॉलेजासाठीं रान विकूं नये, आणि पदवीचा कागद म्हणजे नोकरीची हुंडी असें समजून जाऊं नये. हें कां म्हणतों तें आतां ऐका.

पहिल्याला आमचा सवाल असा कीं, बाबा, 'शिकून काय उपयोग' ही भाषा तूं कोणाकडून शिकलास? कॉलेजांत आतां कांहीं राहिलें नाहीं, असें सभेंत सांगणाऱ्या पुढाऱ्याला एकदां हळूच विचारून पाहा, कीं साहेब, आपले चिरंजीव सध्यां कोठें असतात? बहुतेक वेळां उत्तर मिळेल, पुण्याच्या नाहींतर परदेशच्या कॉलेजांत. शिक्षणाचा कंटाळा त्यांनीं तुमच्या पोरांसाठीं राखून ठेवला आहे, स्वतःच्या पोरांसाठीं नव्हे. दवाखान्यांत डॉक्टर लागतो, कोर्टांत वकील लागतो, धरणाचें पाणी कोणत्या चारीला किती सोडायचें हें ठरवायला इंजिनियर लागतो. त्या खुर्च्या कांहीं रिकाम्या राहत नाहींत. आपलीं पोरें तेथें बसलीं नाहींत तर दुसऱ्याचीं बसतील, आणि आपण अर्ज घेऊन दारांत उभे राहूं.

हीं दारें आपणांस आपोआप उघडलेलीं नाहींत. मुंबईचें विद्यापीठ १८५७ सालीं निघालें. त्यानंतर पंचवीस वर्षांनीं, १८८२ सालीं, जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामांतून आणि त्यावर शिकतात वरच्या वर्गांचीं मुलें. वरच्यांना शिकविलें म्हणजे विद्या आपोआप खालीं झिरपेल हा समज खोटा ठरला, असें त्यांनीं स्पष्ट मांडलें. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, ही त्यांची मागणी. ह्यावरून कोणी असें समजूं नये कीं फुल्यांना बहुजनांसाठीं वरचें शिक्षण नकोच होतें. घराचा पाया मागणारा माणूस माडीच्या विरुद्ध नसतो. आमचा पाया उघडा ठेवून दुसऱ्याच्या माडीचा खर्च आमच्या माथीं कां, एवढेंच तो विचारतो.

पुढें कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढलें, आणि मग निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं एकामागून एक वसतिगृहें उभीं राहिलीं. ह्यांतलें मर्म नीट ध्यानांत घ्या. राजाराम कॉलेज कोल्हापुरांत १८८० पासून होतेंच. कॉलेज नव्हतें म्हणून खेड्यांतला पोर अडला नव्हता. शहरांत पाठ टेकायला जागा नव्हती, पोटाला भाकरी नव्हती, म्हणून अडला होता. महाराजांनीं नेमकें तेंच दिलें, छप्पर आणि भाकरी.

भाऊराव पाटलांनीं तोच मार्ग धरला. स्वतः मॅट्रिक न झालेल्या ह्या माणसानें १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीस बसवून वसतिगृह चालविलें. घरांत दाणा नाहींसा झाला तेव्हां लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले. १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें. तेथें गरिबाचा मुलगा हातानें काम करून शिके; त्याच्या बापाच्या सातबाऱ्याला हात लावावा लागत नसे. वऱ्हाडांत पंजाबराव देशमुखांनीं १९३२ सालीं अमरावतीस शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. मुंबईस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेनें १९४६ सालीं सिद्धार्थ कॉलेज काढलें, तें सकाळीं भरे, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्यालाहि शिकतां यावें. ह्या सगळ्यांनीं विद्या आपल्या दारीं आणली ती खर्चाचा अडसर काढून. म्हणून आम्ही म्हणतों, कॉलेजाला नाक मुरडणें हा त्यांच्या कष्टांचा अपमान आहे. आणि कॉलेजापायीं रान फुंकणें हाहि त्यांच्या शिकवणीचा अपमानच आहे.

आतां बेकारीचें पाहूं, कारण पहिल्याचा खरा राग तेथें आहे. तो राग अगदीं खोटा नाहीं. २०२२-२३ सालच्या सरकारच्या श्रमशक्ति पाहणींत असें निघालें कीं, काम करणारे व काम शोधणारे मिळून जे पदवीधर, त्यांत शेंकडा १३.४ बेकार होते. शिकलेले, न शिकलेले सगळे एकत्र धरले तर हेंच प्रमाण शेंकडा ३.२ होतें. हे आकडे वाचून एखादा म्हणेल, पाहा, अडाण्याला काम मिळतें आणि शिकलेला रिकामा फिरतो. पण थांबा. ज्याच्या घरीं संध्याकाळचें पीठ नाहीं त्याला बेकार राहणें परवडतच नाहीं. तो पहाटे कोयता घेऊन फडांत जातो, पाठीवर मोळी वाहतो, आणि पाहणीच्या वहींत त्याच्या नांवापुढें 'कामावर' अशी खूण पडते. ह्या कामाला सुख म्हणायचें असेल तर म्हणा. पदवीधर बेकार दिसतो ह्याचें एक कारण असें कीं तो मनाजोगत्या कामाची वाट पाहत बसूं शकतो. त्याला कोण पोसतें? आई, जी त्याच फडांत मोळ्या बांधते.

वाट पाहणारे किती आहेत तेंहि ऐका. २०२३ सालीं तलाठ्यांची भरती निघाली. जागा ४६०० च्या आसपास, अर्ज १० लाखांच्या वर. २०२४ सालीं पोलीस भरती झाली. जागा सुमारें साडेसतरा हजार, अर्ज साडेसतरा लाखांहून अधिक. म्हणजे पहिल्या ठिकाणीं दोनशें मुलांमागें एक, दुसऱ्या ठिकाणीं शंभरांमागें एक. जो निवडला जातो त्याची मिरवणूक गांवांतून निघते, आपणच गुलाल उधळतों. राहिलेल्या नव्व्याण्णवांची मिरवणूक निघत नाहीं. तीं मुलें पुण्याच्या सदाशिव पेठेंत दहा बाय दहाच्या खोलींत चौघे चौघे राहतात, अभ्यासिकेचें भाडें भरतात, एक वेळच्या डब्यांत दोन वेळां जेवतात आणि पुढच्या जाहिरातीची वाट पाहतात. अशीं सहा सहा, आठ आठ वर्षें जातात. ह्यांत दोष कॉलेजाचा थोडा आहे. दोष जास्त आहे तो सगळ्या गांवानें एकाच दाराकडे बोट दाखविल्याचा.

हें आम्ही पुस्तकांतून सांगत नाहीं. आमच्याच धंद्यांत पाहिलेलें आहे. आम्ही नोकरीला लागलों तेव्हां शिक्षणसेवकाची नवी पद्धति नुकतीच सुरू झाली होती. दरमहा ३००० रुपये मानधन आणि तीन वर्षांनीं कायम. पगार थोडा होता, पण नोकरी पक्की होती. हें पाहून सगळ्या महाराष्ट्राला डी. एड. चें वेड लागलें. बारावी व्हायचें, दोन वर्षें काढायचीं कीं मास्तर! मागणी दिसतांच पुरवठा करणारे उभे राहिले. गांवोगांवीं डी. एड. कॉलेजें निघालीं, देणग्या घेतल्या गेल्या, बापांनीं बैल विकले, रान गहाण टाकलें. मग २०१२ सालीं सरकारनें शिक्षकभरती थांबविली. पुढची मोठी भरती २०१७ च्या अभियोग्यता परीक्षेनंतर निघाली आणि नेमणुका हातीं पडायला २०१९ उजाडलें. तोंवर शिकून बसलेल्या पोरांचीं लग्नाचीं वयें टळलीं. कोणी पेट्रोल पंपावर लागले, कोणी वडाप चालवूं लागले. मग कॉलेजांनाहि मुलें मिळेनात, एकेक बंद पडूं लागलें. देणगी मात्र कोणाला परत मिळाली असें आम्हीं ऐकलें नाहीं.

इंजिनियरिंगचें कांहीं वेगळें झालें नाहीं. १९८३ सालीं सरकारनें विनाअनुदान कॉलेजांना परवानगी दिली. त्यांतून कांहीं कॉलेजें चांगलीं निघालीं, हजारों शेतकऱ्यांचीं मुलें इंजिनियर झालीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण पुढें कॉलेजें इतकीं वाढलीं कीं हजारों जागा रिकाम्या राहूं लागल्या, आणि ज्याला गणिताची गोडी नाहीं त्यालाहि हात धरून आंत नेण्यांत आलें. ह्यावरून धडा एवढाच घ्यायचा. कागदाची किंमत तो किती जणांपाशीं आहे ह्यावर ठरते. डोक्यांतल्या विद्येचें तसें नाहीं. ज्याला खरोखर हिशेब येतो, यंत्र उघडून जोडतां येतें, रोग ओळखतां येतो, त्याच्याजवळ कागद असो, तो सगळ्यांजवळ असो, त्याला कोणी तरी हांक मारतोच. म्हणून पोराला विचारायचें तें 'कोणती पदवी घेणार?' असें नव्हे. 'तीन वर्षांनीं तुला काय करतां येईल?' असें विचारा. ह्याचें उत्तर पोरापाशीं नसेल, कॉलेजापाशींहि नसेल, तर तेथें पैसे मोजूं नका.

आतां एक अवघड गोष्ट बोलायची आहे. नांव घेत नाहीं, कोणी घेऊंहि नये. ह्याच पंचक्रोशींत एक घर आहे. मुलगा एक वर्ष मागें पडलेला, मुलगी त्याच्या पाठची. दोघेंहि ह्या वर्षीं बारावी झालीं. मुलाला शेंकडा ५२ गुण, मुलीला ८१. मुलासाठीं खासगी कॉलेजांत व्यवस्थापनाच्या कोट्यांतील जागा पाहिली आहे आणि त्यासाठीं कालव्याकडेचें एक एकर रान काढायचें ठरलें आहे. मुलीला फार्मसीला जायचें आहे. तिला सांगितलें कीं, 'पुरे झालें शिक्षण, तुला कुठें नोकरी करायची आहे?' त्या बापाला आम्ही लहानपणापासून ओळखतों. तो वाईट माणूस नव्हे. सगळे करतात तेंच तो करतो आहे. पण सौद्याचा इसार अजून घेतलेला नाहीं, म्हणून आज बोलतों.

त्या बापानें असा हिशेब करावा. कालव्याकडेचें रान दर वर्षीं कांहीं ना कांहीं देतें, आणि एकदां गेलें कीं ह्या जन्मांत परत येत नाहीं. कॉलेजाचा प्रवेश ह्या वर्षीं हुकला तर पुढच्या वर्षीं मिळतो. मुलाला यंत्राची आवड असेल तर आय. टी. आय. आहे. १९५० पासून ह्या देशांत कारागिरांच्या शिक्षणाची ही योजना चालूं आहे, आणि १९६१ च्या कायद्यानें कारखान्यांत शिकाऊ म्हणून राहणाऱ्याला विद्यावेतन मिळतें. दोन वर्षांचा आय. टी. आय. करून डिप्लोम्याच्या दुसऱ्या वर्षांत जातां येतें, डिप्लोमा करून इंजिनियरिंगच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षांत जातां येतें. वाट लांबची आहे, पण प्रत्येक मुक्कामाला हातांत काम आहे. वाटेंत थांबावेंसें वाटलें तरी उपाशी राहावें लागत नाहीं.

आणि मुलीचें काय? ऐका. जुलै २०२४ मध्यें राज्य सरकारनें ठराव काढला. ज्या घराचें वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्या घरच्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल वर्गांतील मुलींना, ठरलेल्या व्यावसायिक शिक्षणाचें शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढी कीं प्रवेश सरकारच्या सामायिक प्रक्रियेंतून, गुणांवर मिळालेला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्याला ही माफी नाहीं. म्हणजे जिच्यासाठीं रान विकावें लागत नाहीं ती घरांत बसणार, आणि ज्याच्यासाठीं विकावें लागतें तो जाणार! आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें तें ह्याहून काय वेगळें असतें?

मायबहिणींनो, मुलीच्या शिक्षणाचा फायदा नोकरीच्या तराजूंत तोलूं नका. बारावी झालेली मुलगी घरीं राहिली कीं सहा महिन्यांत पाहुणे यायला लागतात, हें तुम्हीं पाहिलेलें आहे. कॉलेजांत गेली कीं तीन चार वर्षें लग्नाचें बोलणें थांबतें. त्या वर्षांत ती एस. टी. नें एकटी जाते येते, बँकेंत जाते, चार जातींच्या मुलींबरोबर बसून डबा खाते, अर्ज लिहिते, साहेबासमोर उभी राहून बोलते. पुढें तिचा नवरा भला निघाला तर घराला हात देईल, वाईट निघाला तर स्वतःच्या पायांवर उभी राहील. एवढें बळ दुसरा कोणता दागिना देतो?

कॉलेज निवडतांना फसूं नका, हेंहि सांगणें आमचें काम आहे. जाहिरातींतली इमारत पाहूं नका. मागच्या वर्षीं तेथून बाहेर पडलेल्या दोन मुलांना गांठा आणि विचारा कीं तास होतात कां, प्रयोगशाळेचें कुलूप उघडतें कां, परीक्षेखेरीज प्राध्यापकाचें तोंड दिसतें कां. किती प्राध्यापक कायम आहेत आणि किती तासाच्या मोलावर राबतात, हें विचारा. त्या तासिकेवरच्या गुरुजींचा आम्हांस राग नाहीं, तेहि आपल्यांतलेच एम. ए., पीएच. डी. झालेले आहेत, पण ज्याला स्वतःच्या पुढच्या महिन्याची खात्री नाहीं तो तुमच्या पोराला कशाची खात्री देणार? कॉलेजाला व विद्यापीठाला सरकारची मान्यता आहे कीं नाहीं तें पाहा. बनावट विद्यापीठांची यादी अनुदान आयोग वेळोवेळीं प्रसिद्ध करतो. आणि खर्च विचाराल तो नुसत्या फीचा नको. खोली, खाणावळ, प्रवास, पुस्तकें, सगळें धरून पुऱ्या शिक्षणाचा आकडा काढा. तो आकडा पाहून छाती दडपली तर लाजूं नका, दुसरें कॉलेज पाहा.

दाखल्यांचें काम आजच सुरू करा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, आणि मुख्य म्हणजे जातवैधतेचें प्रमाणपत्र. हुशार पोराची जागा एका कागदासाठीं गेलेली आम्हीं पाहिली आहे. ज्यांचीं मुलें आतां अकरावींत आहेत त्यांनीं बारावीच्या निकालाची वाट पाहूं नये. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. ज्याला येत नसेल त्यानें शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावें, पैसे पडणार नाहींत. कर्ज काढायचेंच झालें तर सावकाराच्या दारीं जाऊं नका. सरकारी हमीच्या योजनेखालीं साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला रान तारण द्यावें लागत नाहीं. बँकेंत हेलपाटे पडतील, ते घाला. पण कर्ज तें कर्जच. पोराच्या आवडीची व कुवतीची खात्री असेल तरच काढा.

ज्यांना घर सोडतां येत नाहीं, बाप आजारी आहे, गुरें आहेत, त्यांनींहि शिक्षण संपलें असें मानूं नये. नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशांसाठींच आहे. दिवसा रान करावें, रात्रीं पुस्तक उघडावें.

तरुण मुलांनो, आतां दोन शब्द तुम्हांला. फुल्यांनीं त्या १८८२ च्या निवेदनांत खेड्यांतला शिक्षक कसा असावा हें सांगितलें आहे. तो शेतकरी वर्गांतला असावा, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ धरायची किंवा सुताराचें हत्यार चालवायची त्याला लाज नसावी, असा त्यांचा अभिप्राय होता. आम्हांस वाटतें, ही कसोटी मास्तरापुरती नाहीं, प्रत्येक शिकलेल्या माणसाला लावावी. दोन वर्षें कॉलेजांत काढून घरीं आलेला मुलगा बापाबरोबर दारें धरायला जात नसेल, पाहुण्यांसमोर आईच्या लुगड्याची लाज बाळगत असेल, तर त्याचें शिक्षण वायां गेलें, मग तो पहिल्या वर्गांत पास होवो. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर अवश्य द्या; आपलीं मुलें कलेक्टर व्हावींत असें आम्हांसहि वाटतें. मात्र आधीं घरच्यांसमोर मुदत ठरवा. दोन वर्षें, फार तर तीन. आणि त्या काळांत पोटापुरती एखादी विद्या हातीं ठेवा. मुदत संपली कीं मान खालीं न घालतां परत या. शंभरांतून एकच निवडायचा असेल तर नव्व्याण्णव मुलें नालायक ठरत नाहींत, हें गांवानेंहि समजून घ्यावें आणि परत आलेल्या पोराला टोमणे मारूं नयेत.

आतां शेवटचें, आणि हें नुसतें बोलणें नाहीं, सभेपुढें ठराव आहे. मुलींची फी सरकारनें माफ केली. पण तालुक्याच्या गांवीं राहायचें कोठें आणि जेवायचें कोठें? ह्या वर्षीं गांवांतल्या सात मुली शिकायला तयार आहेत. त्यांतल्या पांच जणींचें घोडें येथेंच अडलें आहे. सव्वाशें वर्षांपूर्वीं कोल्हापुरास जें अडलें होतें तेंच आज आपल्याकडे अडलें आहे, छप्पर आणि भाकरी. सरकारी वसतिगृहांत ज्यांना जागा मिळेल त्यांना मिळेल. उरलेल्यांसाठीं कोणी महाराज येणार नाहीं, आपणच व्हायला पाहिजे. आमची सूचना अशी. तालुक्याला दोन खोल्या भाड्यानें घ्याव्या, गांवांतलीच एखादी वडीलधारी बाई स्वयंपाकाला व देखरेखीला ठेवावी, ज्वारी, डाळ घरोघरून जावी. भाड्याचा पैसा जत्रेच्या पट्टींतून काढावा. गेल्या जत्रेंत बाजा, तमाशा आणि दारूकाम ह्यांवर किती गेले तें वहींत लिहिलेलें आहे. वही अध्यक्षांपाशीं आहे, ज्याला पाहायची त्यानें पाहावी. देव कांहीं रागावत नाहीं. त्याला दारूकाम एक वर्ष कमी दिसलें तरी चालेल.

जो बाप रान विकायला निघाला आहे त्याला आमची हात जोडून विनंति आहे कीं इसार घेण्याआधीं एकदां आमच्याकडे येऊन बसावें. मुलालाहि आणावें आणि मुलीलाहि आणावें. आपण चौघें मिळून कागद मांडूं. त्यानंतरहि विकावेंसें वाटलें तर आम्ही आडवे येणार नाहीं.

पट्टीच्या नव्या पानावर आमच्या एका महिन्याच्या पगाराची रक्कम अध्यक्षांनीं पहिली लिहून घ्यावी. आतां दुसरें नांव कोण सांगतो?